तांबड्या डब्यातली माझी चिठ्ठी

गुरुजी, ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितली नाय. बायकोला नाय, भावाला नाय, देवाला सुद्धा सरळ तोंडानं नाय. सोसायटीच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत आमच्या वाडीतला जो एक माणूस फुटला, ज्याच्या एका चिठ्ठीनं काळू पडला आणि शंकर मुकादम अध्यक्ष झाला, तो माणूस मी. वाडीनं ज्याला वाळीत टाकलं तो गोमा नव्हे. मी, चांगो. हे पहिलं लिहून घ्या, कारण बोलता बोलता मी भलतीकडं जातो, मला माझी खोड ठाऊक हाय, आणि मंग हेच सांगायचं राहून जाईल.

मी ठाकराचा. आमची वाडी कोंडाण्याच्या वरच्या अंगाला, लेण्यांची वाट जिथं डावीकडं वळते तिथून सरळ चढून गेलं की लागते. बाप कोळशाच्या भट्ट्या लावायचा, आजा पण तेच करायचा, मी पण तेच. काय सांगू तुमाला, भट्टीचं काम म्हंजे तान्हं पोर सांभाळल्यागत. लाकूड रचायचं, वर पाला टाकायचा, वरून माती लिंपायची, पोटात विस्तव सोडायचा आणि मंग तिथून हलायचं नाय. धूर पांढरा येतोय तवर लाकूड ओलं, धूर निळा झाला म्हंजे कोळसा होत आला. मातीला एवढंसं भोक पडलं आणि वारा शिरला तर आतल्या आत सगळी राख होते, वरून काय कळत नाय, वरून भट्टी आपली चांगलीच दिसते. तयार झाला की पोती भरायची आणि पळसदरीच्या टेसनावर नेऊन टाकायची, तिथून तो मुंबईला. आमच्या आंगाला कायम धुराचा वास. बाजारात गेलो कर्जतला तर लोक लांबूनच ओळखायचे, आला रं ठाकर, म्हणायचे, आणि पोरं नाकाला हात लावायची.

जंगल तेवा शेटजीनं मक्त्यानं घेतलेलं असायचं. शेटजी आमी कधी पायला नाय. तो मुंबईला का कल्याणला, देव जाणे. आमाला दिसायचा तो शंकर मुकादम, खालच्या गावचा. तोडलेल्या लाकडाची रास मोजायला त्याच्याकडं एक काठी असायची आणि त्या काठीवर आमची मजुरी. आता काठी ती काठी, पण तोडायच्या वेळची आणि मोजायच्या वेळची एक नव्हती, मोजायची लांब असायची म्हंजे रास कमी भरायची, हे सगळ्यांना ठाऊक. बोलायचं कुणी? काळू बोलायचा. काळू माझ्या मावशीचा मुलगा, माझ्याहून थोडा थोरला, मी त्याला काळूदादाच म्हणत आलो. एकदा त्यानं मुकादमाच्या हातातली काठी घेतली आणि आपल्या कुऱ्हाडीच्या दांड्याला लावून सगळ्यांपुढं दाखवली, की बघा रं, दोन मोसमांत काठी वाढली, आमचं पोर वाढत नाय एवढी ही काठी वाढते. सगळे हसले. मुकादम पण हसला. पण त्या मोसमात काळूला काम नाय मिळालं. पावसाळा त्यानं कंदमुळांवर काढला आणि बोलायचं थांबला नाय.

मंग स्वराज्य आलं. त्याच्या मागोमाग सरकारी साहेब डोंगर चढून आला, घामाघूम झालेला, आणि म्हणला आता ठेकेदार नाय, तुमी जंगलात काम करणाऱ्यांनीच सोसायटी करायची, कूप तुमालाच मिळेल. कूप म्हंजे तोडीला काढलेला जंगलाचा पट्टा. आमाला खरं वाटेना. म्हातारे म्हणले हा कायतरी जमिनीचा डाव असणार. पण आंगठे घेतले, सभासद झालो. आणि साहेब म्हणला की सोसायटीला अध्यक्ष पाहिजे, तो तुमीच निवडायचा, मत देऊन. कुठल्या वाडीला कुठला कूप, लाकूड मोजायचं कुणी, माल टेसनावर न्यायचा कुणी, सगळं अध्यक्ष ठरवणार. म्हंजे ज्याच्याकडं अध्यक्षपद त्याच्याकडं ती काठी. एवढं आमाला लगेच कळलं.

काळू उभा राहिला. आणि दुसऱ्या बाजूनं शंकर मुकादम उभा राहिला. तो कसा काय? तर म्हणला मी पण जंगलातच काम करतो की, मी काय गादीवर बसतो? त्यानं स्वतःला कामकऱ्यांत घातलं, खालच्या गावची त्याची भावकी घातली, ज्यांनी कुऱ्हाड लग्नात पूजेपुरतीच धरली असेल. साहेबानं काय हरकत घेतली नाय.

आता तुमी विचारता की मत देणारा म्हणून तुला काय वाटत होतं. खरं सांगतो, आता लपवायचं काय? काळू खरा माणूस, पण कडू. आल्यागेल्याला राम राम करणार नाय. फॉरेस्ट गार्डाशी भांडण, टेसनमास्तराशी भांडण, स्वतःच्या सासऱ्याशी भांडण. हा अध्यक्ष झाला तर मुंबईच्या व्यापाऱ्याशी गोड कोण बोलणार, आमचा कोळसा टेसनावरच भिजत पडला तर? असं मला वाटायचं, आणि मला एकट्यालाच नाय. आणि मुकादम? मुकादम गोड. त्याला प्रत्येकाच्या पोराचं नाव पाठ. कुणाच्या लग्नाला आला नाय असं झालं नाय. ताप आला तर गोळ्या आणून देणार. तो काठीनं घेणार आणि हातानं देणार, आणि देताना दिसायचा, घेताना नाय दिसायचा. पण हे सगळं धरून सुद्धा माझं मन काळूकडंच होतं. हे लिहा. मला कळत नव्हतं म्हणून मी तसं केलं असं नाय. मला पक्कं कळत होतं.

भट्टीवर रोज तीच बोलणी. एक म्हणायचा, काळूदादा, तू अध्यक्ष झालास की आमच्याशी तरी बोलशील का रं? काळू म्हणायचा, आता कुठं बोलतोय मी? बायका पाटीतून लाकूड आणून टाकायच्या आणि ऐकत उभ्या राहायच्या. बायकांना सभासद केलं नव्हतं. माझी बायको हिरी एकदा म्हणली, ओझं आमच्या डोक्यावर चालतं, मत मात्र तुमच्या डोक्यात, आणि तिथं तर नुसता धूर. सगळ्या बायका खिदळल्या. काळू सुद्धा हसला, मी त्याला तसा हसलेला थोडाच पायलाय.

आता जे सांगायचं ते हिरीचंच हाय.

निवडणुकीच्या आधीच्या पावसात हिरी बाळंतपणाला अडली. सुईणीनं हात टेकले. बाहेर ओढ्याला पाणी, डोंगरावरून खाली माणूस नेणं म्हंजे जिवावरचं काम. आमी चौघांनी तिला डोलीत घातलं, काळू त्यात पुढच्या खांद्याला होता हे पण लिहा, आणि खालच्या गावापर्यंत आणलं. तिथून पुढं कर्जत. पायी नेलं असतं तर ती वाटेतच गेली असती. शंकर मुकादम पडवीत बसला होता. त्यानं एक शब्द विचारला नाय, बैल जुंपले, स्वतः गाडीवर बसला, नदीच्या उताराला पाणी बैलांच्या पोटाला लागत होतं, गडी नको म्हणत होता, तरी त्यानं गाडी घातली. दवाखान्यात डॉक्टरला हात जोडून बाहेर बोलावलं. मला तर त्या पायरीवर कुणी उभं केलं नसतं. हिरी वाचली. पोरगी झाली, ती पण वाचली.

मी दवाखान्याच्या पडवीतच त्याच्या पायांवर पडलो. तो म्हणला, उठ रं, चांगो, काय हे, माणसानं माणसासाठी एवढं करायचं नाय तर काय. मंग म्हणला, दिवाळी झाली की सोसायटीचं मत हाय, तेवा आठवण ठेव म्हंजे झालं. एवढंच. त्यानं शपथ मागितली नाय. गुरुजी, हे नीट लिहा. त्यानं मागितली नाय. मीच घेतली.

हिरीला ठीक झाल्यावर परत नेताना वाटेत आमच्या शिवेवरचा वाघ्या देव लागतो. दगड हाय, शेंदूर लावलेला, वर वाघाचं चित्र कोरलंय. आमच्याकडं वाघ्याची आण म्हंजे शेवट. ती मोडली की घरातलं लहान पोर जातं, असं आमी आईच्या पोटातून ऐकत येतो. मुकादम गाडी घेऊन शिवेपर्यंत सोडायला आला होता. हिरी आणि पोरगी पुढं डोलीत गेली. मी मागं राहिलो, मुकादमाला थांबवलं, आणि वाघ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणलो की माझं मत तुमचं. जिच्या जिवासाठी गाडी घातलीत त्या पोरीची आण. तो जरा गडबडला. म्हणला, बरं बरं, चल, पाऊस येतोय. त्याला पण ते जास्त वाटलं असावं. पण मी काय देणार होतो त्याला? माझ्याजवळ काय होतं? कोंबडी दिली असती तर ती त्याच्याकडं मोप होती. माझ्याकडं नवीन आलेली अशी एकच चीज होती, ते मत. सरकारनं नुकतंच हातात दिलेलं. ते कशाला असतं ते कळायच्या आधीच मी ते देऊन टाकलं.

घरी आल्यावर मी हिरीला विचारलं, नुसतं सहज, की मुकादमानं एवढं केलं, तर मत त्यालाच द्यावं का? ती पोरीला पाजत होती. म्हणली, माझा जीव वाचवला त्यानं, तर मी त्याच्या घरी जन्मभर सरपण टाकीन. त्याच्या बायकोचं बाळंतपण करीन. पण माझ्या जिवाच्या बदल्यात सगळ्या वाडीचा कूप कशाला देतोस? तो काय माझ्या एकटीच्या बापाचा हाय? तिला आण घेतल्याचं सांगितलं नाय. सांगितलं असतं तर तिनं कायतरी वाट काढली असती. देवाला कोंबडं देऊन आण सोडवता येते, भगत हाय, सगळं हाय. पण ते करायचं म्हंजे चारचौघांत सांगायला लागतं की मी अशी आण घेतली होती. मला लाज वाटली. एवढीच गोष्ट. लाज वाटली.

दिवाळी झाली. खालच्या गावच्या शाळेच्या पडवीत मत घ्यायचं ठरलं. साहेब अलिबागेहून आलेला. पडवीच्या एका कोपऱ्यात घोंगडी बांधली होती आणि घोंगडीच्या आड घासलेटचे दोन रिकामे डबे, वरून कापून फट केलेली. एकाला पिवळा कागद, तो काळूचा. एकाला तांबडा, तो मुकादमाचा. प्रत्येकाला शिक्क्याची एक चिठ्ठी द्यायची, त्यानं आड जाऊन ज्या डब्यात टाकायची त्यात टाकायची. साहेब मोठ्यानं म्हणला, हे गुप्त मतदान आहे, कोणी कोणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही आणि देवालाही नाही. सगळे हसले. गोमा तेवढा हसला नाय. गोमा आमच्याच वाडीचा, म्हातारपणाकडं झुकलेला, भट्टी राखून राखून डोळे लाल झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं मान हलवली, हं, म्हणला, साहेबानं खासगीत त्यालाच सांगितल्यागत.

माझी पाळी आली. मी आड गेलो. घोंगडीला मेंढराचा वास येत होता. दोन डबे. मी पिवळ्यावर चिठ्ठी नेली, खरं सांगतो, फटीत अर्धी गेली सुद्धा होती. आणि बाहेर माझी पोरगी रडली. हिरी तिला घेऊन आंगणात उभी होती. कुणाचं पण पोर रडतं, भुकेनं रडतं. पण माझ्या हाताला ते तसं नाय वाटलं. मी चिठ्ठी ओढून काढली आणि तांबड्यात टाकली. बाहेर आलो तर काळू समोर. त्यानं चंची काढून तंबाखू पुढं केली. मी घेतली, मळली, तोंडात टाकली. त्या तंबाखूची चव मला अजून जिभेवर हाय.

मोजलं. काळू एका चिठ्ठीनं पडला.

काळूनं आदल्या दिवशी खडे मांडून हिशोब केला होता, आमची वाडी एवढी, पलीकडची वाडी एवढी, खालचं गाव एवढं. आमी निसटतं जिंकत होतो. पलीकडच्या वाडीनं शब्द पाळला होता, त्यांच्यात फूट नव्हती, हे त्यांनी पोरांवर हात ठेवून सांगितलं. म्हंजे आमच्यातलाच कुणी. काळू शाळेच्या पायरीवर बसला आणि एकदाच म्हणला, एकच रं? एकच? मुकादमाची माणसं गुलाल आणायला गेली. मुकादम काळूजवळ येऊन म्हणला, काळू, मनात ठेवू नको, आपण सगळे एकच. काळू उठून चालायला लागला, डोंगर चढेपर्यंत मागं बघितलं नाय.

दुसऱ्या दिवशी वाडी वाघ्याजवळ जमली. वाडीच्या पंचांतल्या म्हाताऱ्या आंबोनं ठरवलं की प्रत्येकानं वाघ्यापुढं तांदूळ टाकायचे, डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझं मत पिवळ्यात. ज्यानं पिवळ्यात टाकलं नाय त्याला तसं म्हणता येणार नाय, म्हणलं तर, वाघ्या त्याच्या घरात शिरेल. उन्हात सगळे रांगेनं उभे. एकेक जण म्हणत होता आणि पुढं सरत होता. गोमा माझ्या पुढं होता.

गोमानं तांदूळ टाकले, पण हात ठेवला नाय. म्हणला, मी नाय सांगणार.

आंबो म्हणला, नाय सांगणार म्हंजे?

गोमा म्हणला, साहेब म्हणला कुणाला सांगायचं नाय, देवाला पण नाय. मी हो म्हणलोय त्याला. मंग सगळ्यांना सांगायचंच होतं तर घोंगडी कशाला बांधली?

कुणीतरी ओरडलं, अरे गोमा, साहेबानं चेष्टा केली रं. दुसरा म्हणला, हा परवा मुकादमाच्या खळ्यावर बसला होता, मी पायलाय. गोमा म्हणला, माझी म्हैस तिकडं गेली होती. सगळे हसले, ते हसणं चांगलं नव्हतं. काळू पुढं आला. त्याचा आवाज बारीक झाला होता. म्हणला, गोमाकाका, नुसतं पिवळा म्हण. एक शब्द. मी तुझ्या पाया पडतो. गोमानं मान हलवली. म्हणला, काळू, तू चांगला पोर हायस. पण मी दिलेला शब्द साहेबाला दिलाय.

आणि मंग माझी पाळी. गुरुजी, मी तेवा सांगू शकत होतो. गोमा माझ्या बाजूला उभा होता, हाताच्या अंतरावर. मी तांदूळ टाकले. वाघ्याच्या डोक्यावर हात ठेवला, ज्या जागी पावसात ठेवला होता त्याच जागी, आणि म्हणलो, माझं मत पिवळ्यात.

ज्या देवाच्या भीतीनं मी माझ्या भावाला पाडलं, त्याच देवापुढं मी खोटं बोललो. आणि काय झालं? काय झालं नाय. मी घरी गेलो तर पोरगी पाळण्यात हसत होती. मी रातभर तिच्या छातीवर हात ठेवून बसलो. दुसऱ्या दिवशी पण ती हसली. पंधरवड्यानं तिला दात आला. आज ती धावते. मला हे कुणाला विचारावं कळत नाय, की वाघ्यानं मला काय म्हणून सोडलं? तो कोपला असता तर मला कळलं असतं की तो होता, आणि माझी आण खरी होती, आणि मी जे केलं त्याला कारण होतं. तो कोपला नाय म्हंजे मी कशासाठी केलं हे सगळं? नुसत्या दगडासाठी? का लाजेसाठी?

गोमाला वाळीत टाकलं. आंबोनं प्रत्येकाला विचारलं, मला पण विचारलं, मी म्हणलो पंच म्हणतील ते. वाळीत टाकणं म्हंजे तुमाला सांगतो, त्याच्या घरी विस्तव मागायला जायचं नाय, तो मागायला आला तर द्यायचा नाय, पाण्यावर त्यानं सगळ्यांच्या मागून जायचं, भट्टीवर त्याला घ्यायचं नाय. आणि त्याच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायचा नाय.

उन्हाळ्यात त्याची बायको ठकी गेली. भर दुपारची वेळ. मी भट्टीवर होतो, तिथून वाट दिसते. गोमानं बांबूची तिरडी स्वतः बांधली, पुढचं टोक दोरीनं आपल्या खांद्याला अडकवलं आणि मागचं टोक जमिनीवरून घासत, तसा तो ओढत निघाला. दगडावर तिरडी आपटायची तेवा थांबायचा, मागं वळून तिचं डोकं नीट करायचा, परत निघायचा. हिरी माझ्या शेजारी उभी होती. म्हणली, चल रं, माणूस हाय तो. मी म्हणलो, पंचांनी ठरवलंय. ती म्हणली, पंचांना मी बघते, तू चल. मी तिचा हात धरून ठेवला. कारण मी गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं की तूच का गेलास? म्हणून. हिरीनं माझ्याकडं बघितलं आणि हात सोडवून ती एकटी खाली धावली, आणि मागचं टोक तिनं उचललं. वाडीनं तिला दंड केला, मी तो मुकाट भरला, आणि सगळे मला म्हणले, चांगो, तुझी बायको हट्टी, पण तू सरळ माणूस.

पाऊस लागायच्या आधी गोमा निघून गेला. पळसदरीला रेल्वेच्या कडेला खडी फोडतो आता. मी कोळशाची पोती टेसनावर टाकायला जातो तेवा लांबून दिसतो. एकदा जवळ गेलो. तो म्हणला, ये चांगो, बस. घरची बरी? हिरीला माझा राम राम सांग. मी विचारलं, गोमाकाका, तू का नाय म्हणलास तेवा पिवळा? तो खडा फोडत म्हणला, मी पिवळ्यातच टाकली होती रं. पण एकदा सांगायला लागलो असतो तर दर वेळी सांगायला लागलं असतं. मंग मत माझं कुठं राहिलं? मी तिथं उन्हात उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि म्हणलो, येतो, गाडी आली असंल. गाडी यायला अजून मोप वेळ होता.

मुकादमाचं म्हणाल तर जसं व्हायचं तसं झालं. पहिल्या मोसमात सरळ चाललं, दुसऱ्या मोसमात चांगला कूप खालच्या गावाकडं गेला, आमाला वरचा, काटेरी, जिथून लाकूड उतरवताना बायकांच्या गुडघ्यांची वाट लागते. काठी परत वाढली. मला मात्र त्यानं भट्टीचा म्होरक्या केलं. मला म्हणतो, चांगो, तू शब्दाचा पक्का. चारचौघांत म्हणतो. लोकांना वाटतं कामाबद्दल म्हणतोय. पोरीला गूळ आणून देतो, ती त्याला मामा म्हणते. मी त्याला वाईट सुद्धा म्हणू शकत नाय, हे तुमाला कसं सांगू, त्यानं माझी दोन माणसं वाचवलीत.

आता परत निवडणूक आलीय. परत तेच डबे, तीच घोंगडी. काळू उभा राहायला तयार नाय. म्हणतो, मला मुकादमाची भीती नाय, मला माझ्या वाडीची भीती वाटते. तरणी पोरं त्याला समजावतात, म्हणतात, काळूदादा, फुटका होता तो गेला, आता वाडी एक हाय. ते असं म्हणतात तेवा मी तिथंच बसलेला असतो, तंबाखू मळत. परत निसटतंच होणार हाय. एका चिठ्ठीवरच येणार. आणि काळू उभा राहिला नाय तर मुकादमाला आडवा जायला कुणी नाय.

म्हणून तुमच्याकडं आलो. तुमी म्हणता हे लिहिलेलं सभेत वाचून दाखवीन. नको, गुरुजी. तुमी वाचलंत तर ते तुमचं बोलणं होईल, आणि मी मागं कुठंतरी मान खाली घालून बसेन, मला माझी खोड ठाऊक हाय. हे माझ्या तोंडून यायला पाहिजे. लिहिलंत ते यासाठी, की मी परत मागं सरलो तर तुमी मला हे दाखवावं आणि विचारावं, चांगो, हे तूच बोललास ना?

हिरीला आज सांगणार म्हणतो. म्हणतो खरं.

तर माझ्यावर काय बाकी हाय ते शेवटी लिहा. काळूला मी त्याचं हरणं देणं लागतो, म्हंजे ते कुणामुळं झालं हे. आणि गोमाला, पळसदरीहून वाडीत परत आणून, वाघ्यापुढं नाय, माणसांपुढं, तो खोटा नव्हता, मी होतो, एवढं बोलणं मी देणं लागतो. ठकीच्या तिरडीला खांदा द्यायचा राहिला, तो आता कुणाला देता येत नाय. बाकीचं येतं. ते मी अजून दिलेलं नाय.